भोक नसलेले जोडे

"तळाला भोक ठेव गं पोरी, नाहीतर लेकरू निघून जाईल," लिओटा आजी म्हणाली होती, आणि शेल्बी हसली होती.

गोष्ट दीड वर्षापूर्वीची. ओक्लाहोमातल्या मायामी गावी, आजीच्या स्वयंपाकघरात, सातव्या महिन्याचं पोट सावरत आणि सुजलेले पाय खुर्चीवर टाकून शेल्बी हरणाच्या कातड्याचे इवलेसे जोडे शिवत बसली होती. आयुष्यातलं तिचं हे पहिलंच मण्यांचं काम. प्रत्येक जोड्यावर लाल मण्यांची एक स्ट्रॉबेरी. त्यातली डाव्या पायाची जरा फुगली होती.

"टोमॅटो छान जमलाय," आजी म्हणाली.

"स्ट्रॉबेरी आहे ती."

"असेल. पण भोक कुठाय?"

शेल्बीला कारण ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलेलं. तरी आजीच्या तोंडून ऐकायला मजा यायची म्हणून तिने विचारलं, "कशाला लागतं भोक?"

"नवं लेकरू निम्मं तिकडचंच असतं अजून. तिकडची माणसं येतात, म्हणतात, चल परत. मग लेकरू पाय वर करून दाखवतं. 'कशी येऊ? जोडे फाटलेत की माझे. एवढा लांबचा रस्ता!' तिकडची माणसं भोळी. खरं वाटतं त्यांना. जातात आल्या वाटेने."

"आजी, सुईने बोटांची चाळण झालीय माझ्या. आता त्याच कामाला कात्री लावू? याच्यासाठी शिकले का मी विद्यापीठात?"

"शिकलेल्यांनाच सांगावं लागतं बाई. बाकीच्यांना ठाऊक असतं."

भोक काही पडलं नाही. मग पोरगी पाच आठवडे आधीच जन्मली आणि अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. त्या अकरा दिवसांत शेल्बीला त्या भोकाची आठवण अकराशे वेळा झाली असेल. पण बाराव्या दिवशी ओपल घरी आली, दूध प्यायला लागली, बाळसं धरू लागली. जोड्यांच्या मापाचा अंदाजही पार चुकला होता. तान्ह्या पायांना ते नावेएवढे व्हायचे. ते कपाटात गेले आणि भोकाची गोष्टही त्यांच्याबरोबर कपाटात गेली.

ते बाहेर निघाले पंधरा महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, पदवीदानाच्या दिवशी.

शेल्बी आणि तिचा नवरा कोडी कॅन्ससमधल्या ओटावा गावात राहत होते, विद्यापीठापासून चार गल्ल्यांवर. गावाचं नाव ओटावा, विद्यापीठाचं नाव ओटावा, आणि शेल्बीचे लोकही ओटावाच, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची एक जमात. ते मात्र दीडशे वर्षांपूर्वी इथून उठवले गेले आणि सव्वादोन तासांच्या रस्त्यावर, ओक्लाहोमात जाऊन राहिले. जाताना जमीन देऊन गेले होते शाळेसाठी. बदल्यात एकच मागणं होतं, आमची पोरं शिकवा. म्हणून आजही जमातीच्या मुलांना इथे फी नाही. शेल्बी त्याच हक्काने शिकली. बाळामुळे एक वर्ष मागे पडली, पण शिकली. आता शिक्षिका होणार होती.

कोडी पहाटेच मायामीला जाऊन आजीला घेऊन आला. चौऱ्याऐंशी वर्षांची लिओटा आजी, म्हणजे शेल्बीच्या आजीची धाकटी बहीण, घरात पाऊल टाकताच म्हणाली, "लेकरू कुठंय?" आणि लेकराचे पाय धरून तळवे न्याहाळले. ओपलच्या पायात ते जोडे आज पहिल्यांदाच बसले होते.

"भोक नाही."

"आजी, ती चालतच नाही अजून," शेल्बी गाऊनची चेन ओढत म्हणाली. चेन अडकली होती आणि तिला रडू फुटायच्या बेतात होतं. "जाईल कुठे?"

ओपल खरंच चालत नव्हती. रांगतही नव्हती. ती बसल्या बसल्या कुल्ल्यांवर सरकायची, एक पाय वल्ह्यासारखा मारत. डॉक्टर म्हणाले होते, दीड वर्षापर्यंत वाट बघा, अशी सरकणारी मुलं उशिरा उभी राहतात. शेल्बी वाट बघत होती, पण कशी? घरातल्या प्रत्येक टेबलाचा कोपरा तिने फडक्यांनी मढवला होता आणि ओपल कशाला धरून किती सेकंद उभी राहिली हे एका वहीत लिहून ठेवलं होतं. सर्वांत मोठा आकडा होता नऊ.

"चालत नाही म्हणूनच म्हणते," आजी म्हणाली. मग पर्समधून रुमाल काढता काढता, हवामानाबद्दल बोलावं तसं तिने सांगितलं, "काल पहाटे आई हाक मारत होती मला. 'लिओटा, चल गं.' अगदी स्वयंपाकघरातून यावी तशी. मी म्हटलं, थांब जरा, पोरीचा समारंभ आहे."

शेल्बीचा हात चेनवर थांबला. आजीची आई जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

"मग?"

"मग काय? थांबली. भली बाई होती. चल, उशीर होतोय."

विद्यापीठाच्या दारात आल्यावर आजीने गाडी थांबवायला लावली. पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय ती कधी आत जात नसे. "ओ-टा-वा. बघ, माझ्या सहीपेक्षाही मोठं लिहितात." एक दांडगा मुलगा रस्ता ओलांडत होता, छातीवर तेच नाव. आजीने काच खाली केली.

"बाळा, तू कुणाच्या घरचा रे?"

"मी? मी टेक्सासचा, मॅम."

"छातीवर आमचं नाव आणि घर टेक्सासात! जेवलास का?"

"हो मॅम."

"मग बरं."

गाडी पुढे निघाली तशी ती शेल्बीला म्हणाली, "मी अठराची होते तेव्हा आले असते इथे. पण त्या वर्षांत सरकारने आपली जमातच कागदावरून पुसून टाकली होती. म्हटलं, नसलेल्या लोकांची पोरगी कुठल्या तोंडाने दारात उभी राहणार?" मग खिडकीबाहेर बघत, "आता तू जा वर. मी बघते."

समारंभ हिरवळीवर होता. पुढे व्यासपीठ, त्याच्यासमोर खुर्च्यांचे दोन मोठे चौकोन, मधून एक सरळ वाट. व्यासपीठाच्या बाजूला झाडाखाली मोठा ढोल, आणि त्याच्याभोवती मायामीहून आलेले चार गायक. त्यांतले सर्वांत वयस्कर हॉबर्ट काका. वारा असा सुटला होता की सगळ्यांनी एका हाताने टोप्या धरल्या होत्या. अगदी मागच्या रांगेच्या टोकाला आजीची खुर्ची, पायाशी गोधडी, गोधडीवर ओपल. खुर्च्यांच्या मागे वीस पावलांवर रस्ता. शेल्बीने ती पावलं आल्या आल्या मोजून घेतली होती.

"कोडी, तू तिच्यावरून नजर काढायची नाहीस."

"नाही काढत."

"फोटो नंतर."

"फोटो नंतर. जा गं बाई, तुझी रांग हलली."

रांग व्यासपीठाच्या डावीकडून वर चढत होती. शेल्बी पुढे सरकताना दर दोन नावांनी मान वळवून मागे बघत होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजी, ओपल आणि कोडी, तिघंही दिसले. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा एक रखवालदार कोडीच्या खांद्याला हात लावून काही सांगत होता, आणि कोडी खिशातून किल्ल्या काढत गाडीकडे पळत होता. गाडी कुणाची तरी वाट अडवून उभी होती म्हणे. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आजी भिंग डोळ्याला लावून कार्यक्रमपत्रिकेत शेल्बीचं नाव शोधत होती, एकेका ओळीवर बोट ठेवून.

चौथ्यांदा पाहिलं तेव्हा आजीला नाव सापडलं होतं. तिचा चेहरा उजळला, पत्रिका दाखवायला ती खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

गोधडी रिकामी होती.

शेल्बीच्या पुढे आठ जण होते. ती रांगेतून निसटली. कुणीतरी "अहो, इकडे!" म्हणालं. उंच टाचांचे बूट गवतात रुतायला लागले तसे तिने ते पायांतून झटकून टाकले. टोपी वाऱ्याने नेली. गाऊन फडफडत, कडेच्या वाटेने ती मागच्या रांगेकडे धावत सुटली.

तिच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. ओपल चालत नाही. गवतावर तिला सरकताही येत नाही, दोन वेळा प्रयत्न करून ती चिडून रडली होती. म्हणजे ती गेलेली नाही. म्हणजे तिला नेलंय. कुणीतरी उचलून नेलंय! धावता धावता ती प्रत्येक माणसाचे हात बघत होती. कडेवर मूल घेतलेला बाप, पण ते मूल टकलू. गाठोडं छातीशी धरलेली बाई, पण ते गाठोडं फुलांचं. रस्त्यावरून एक लाल ट्रक गेला. शेल्बी थेट त्या रस्त्यापर्यंत जाऊन आली. दोन्ही बाजूंना सावकाश चालणाऱ्या गाड्या, उघड्या खिडक्या, कुठेही मूल नाही.

"आजी! कोण आलं होतं इथे?"

"कोणी नाही." आजी उभी राहिली होती, खुर्चीची पाठ घट्ट धरून. "कोणीही नाही गं. तुझं नाव सापडलं, एवढाच वेळ... एवढाच. भोक, शेल्बी! मी म्हटलं नव्हतं?"

"आजी, आत्ता नको!"

"आत्ताच तर!"

माईकवर नावं चालूच होती. प्रत्येक नावामागून टाळ्या, शिट्ट्या, कुणाची तरी आई ओरडायची. शेल्बीने श्वास घेतला. तिला बघता येत होतं. तिची एवढी एक विद्या पक्की होती. पंधरा महिने तिने दुसरं केलंच काय होतं? मग आता तिने मूल शोधायचं सोडलं आणि माणसं बघायला सुरुवात केली.

हजारभर माणसं व्यासपीठाकडे बघत होती. पण उजव्या चौकोनात अर्ध्यावर, मधल्या वाटेच्या कडेला, एक बाई खाली बघत होती आणि हसत होती. मग ती परत पुढे बघू लागली, आणि तिच्या पुढच्या रांगेतला माणूस खाली बघून हसला. मग त्याच्या पुढची दोन मुलं. पिकलेल्या गव्हावरून वाऱ्याची एक झुळूक जावी तसं ते हसू रांगेरांगेने पुढे सरकत होतं, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

शेल्बी मधल्या वाटेच्या तोंडाशी आली.

आणि तिथे ओपल चालत होती.

दोन्ही हात वर, डोंबाऱ्याच्या पोरीने दोरीवर धरावेत तसे. पाय फेंगडे. डोक्यामागे केसांचा एक तुरा उभा. डाव्या जोड्यावरचा टोमॅटो उठत होता, पडत होता, परत उठत होता. एक, दोन, तीन. डोलली. आता पडणार! नाही पडली. चार, पाच.

शेल्बीच्या घशापर्यंत किंकाळी आली आणि तिथेच थांबली. तिचे हात आपोआप पुढे झाले होते. दोन उड्यांत ती तिला उचलू शकली असती. पण पंधरा महिने ज्याची वाट पाहिली ते आत्ता, या क्षणी, तिच्यासमोर चाललं होतं, आणि हाक मारली असती तर ते मागे वळून बदकन बसलं असतं. शेल्बीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. आणि ती अनवाणी, गाऊन गोळा करून, चार हात अंतर राखून लेकीच्या मागे मागे चालायला लागली.

"शेल्बी लाफाँट," माईकवरच्या बाई म्हणाल्या.

व्यासपीठ रिकामं. टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेत राहिले.

"शेल्बी लाफाँट?"

"आहे! आले!" शेल्बी ओरडली, पण अर्ध्या आवाजात, कारण पूर्ण आवाजात ओपल दचकली असती. "आलेच! पण हिला... हिला थांबवता येत नाहीये! पहिल्यांदाच चालतेय ही!"

हजार माना वळल्या. मग माईकवरच्या बाई म्हणाल्या, "येऊ द्या, येऊ द्या. आम्हाला कुठे जायचंय?" आणि सगळी हिरवळ हसली. पण काय गंमत, हसली ती हळूच. कुणी टाळी वाजवली नाही. एका आजोबांनी वाटेत आलेली आपली काठी गुपचूप आत ओढून घेतली. कुणीतरी "शू, शू" करत होतं. तेवढी माणसं श्वास रोखून एका पोरीची पावलं मोजत होती.

एकोणीस. वीस. एकविसाव्याला ती थबकली. तिने व्यासपीठाकडे पाहिलं, ते काही तिला पटलं नाही. वळली. चक्क उभ्या उभ्या वळली आणि झाडाखालच्या ढोलाकडे निघाली. सव्विसाव्या पावलाला तिने हॉबर्ट काकांच्या खुर्चीची पाठ पकडली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. आम्हा ओटावा लोकांत बायका ढोलाला बसत नाहीत, गायकांच्या मागे उभ्या राहून गातात. अगदी त्याच जागेवर, कुणी शिकवल्यासारखी.

हॉबर्ट काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "उशीर केलास," ते म्हणाले. "पहिलं गाणं झालंसुद्धा." आणि त्यांनी ढोलावर एकच ठोका दिला, धम्म!

त्या ठोक्याला सगळे उभे राहिले. मागच्या रांगेतून लिओटा आजीची ललकारी आली, जिभेने थरथरवलेली, उंच, लांबलचक. आमच्या बायका मानाच्या वेळी घालतात ती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या छातीत एवढा वारा कुठून आला कोण जाणे. शेल्बीने ओपलला उचललं, कडेवर घेतलं, आणि विस्कटलेले केस, गवताने हिरवे झालेले पाय, बिनटोपीची, अशी ती व्यासपीठावर चढली. पदवीची नळी ओपलनेच हिसकावून घेतली आणि तोंडात घातली.

कोडी तेवढ्यात किल्ल्या खुळखुळवत परत आला होता. "काय झालं?" त्याने शेजारच्या माणसाला विचारलं. "माझं काय बघायचं राहिलं?"

"सगळंच," तो माणूस डोळे पुसत म्हणाला.

शेल्बीने सव्वीस मोजली होती. त्याआधीची किती, ते मागच्या रांगांनाच ठाऊक. पण वहीत तिने त्या दिवसाखाली आकडा घातलाच नाही. नुसतं लिहिलं, 'चालली'.

दुपारी आजीला सोडायला सगळे निघाले. कोडी गाडी चालवत होता. मागच्या सीटवर एका खिडकीशी आजी, मध्ये ओपल गाढ झोपलेली, दुसऱ्या खिडकीशी शेल्बी. आजीने आपल्या पायांतले जोडे काढून ठेवले होते. जुनेच, पण पाहत राहावेत असे. तळाला टायरच्या रबराचं ठिगळ, त्या ठिगळावर कातड्याचं ठिगळ, कडेने नवी शिलाई. आजीच्या घरात फाटकी वस्तू रात्रभर टिकत नसे.

"आता हिला भोक नको," आजी ओपलच्या तळव्यावर बोट फिरवत म्हणाली. "भोक नसलेले जोडे घालून निघाली, आणि कुठे गेली? ढोलाकडे. आपल्या माणसांत. म्हणजे ठरवलंय तिने. राहणार."

"मग तू एवढी का घाबरलीस?"

"चुकणारच नाही एवढी मी काही म्हातारी नाही." मग ती मागे टेकली आणि डोळे मिटले. "झालं. तुझं नाव छापलेलं पाहिलं. तुला वर चढताना पाहिलं. लेकराची पावलं पाहिली. आता आईने हाक मारली तर म्हणायला काही उरलं नाही बाई."

ती समाधानाने बोलली होती, आणि तिला झोप लागलीही. पण शेल्बी आजीच्या श्वासाकडे बघत बसली. वर, खाली, वर. मग तिची नजर खाली ठेवलेल्या जोड्यांवर गेली.

बाळाच्या पिशवीत नखं कापायची छोटी कात्री होती. टायरचं रबर तिला दाद देईना. शेल्बीने दात ओठ खाऊन टोक खुपसलं, पिळलं, परत खुपसलं. कोडीने आरशातून पाहिलं.

"काय करतेयस गं?"

"रस्ता बघ तू."

दुसऱ्या जोड्याला कात्री लागली तेव्हा आजीने एक डोळा उघडला. "ए! माझे चांगले जोडे!"

"भोक ठेवलंय," शेल्बी म्हणाली. "आता पाय वर करून दाखवायचा. लांबचा रस्ता आहे म्हणायचं. फाटलेत म्हणायचं."

आजीने जोडा हातात घेतला. भोकातून करंगळी घातली, बाहेर काढली. भोकाला डोळा लावून आधी ओपलकडे पाहिलं, मग शेल्बीकडे.

"हे लेकरांसाठी असतं गं. म्हाताऱ्यांना नाही चालत."

"कुणी सांगितलं?"

आजी विचारात पडली. चांगल्या दोन मैलांचा रस्ता मागे गेला.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "कुणी करूनच पाहिलं नाही." आणि ती अशी हसायला लागली की ओपल जागी झाली, आणि जागी होताच तिने खाली उतरायला पाय झाडले.

"मिग्वेच, पोरी," आजी डोळे टिपत म्हणाली. आमच्याकडे आभार मानायला एवढा एक शब्द पुरतो.

याला आता तीन आठवडे झाले. ओपल दिवसभर चालते, आणि शेल्बीला तिच्या मागून मान वर करायला फुरसत नाही. ती रोज आजीला फोन करते. "जोडे कसे आहेत?" विचारलं की आजी म्हणते, "आहेत." "आणि भोक?" विचारलं की मग, "मका चुलीवर आहे गं, नंतर बोलू." शेल्बीला तिचं हे 'नंतर' चांगलं ओळखीचं आहे. सुई-दोरा हातात असला की आजीला फोन नको असतो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं मायामीकडे जाणं झालं, तर शेल्बीचं एवढं ऐका. गावाच्या उत्तर टोकाला, निळ्या पत्रपेटीचं घर. दार दोनदा वाजवा, तिला उठायला वेळ लागतो. जेवलात का असं ती विचारेल, नाही म्हणा आणि बसा. मग ती चुलीकडे वळली की हळूच तिच्या जोड्यांचे तळ बघा. भोकं आहेत ना? बुजवली असली तर पिशवीत एक कात्री असू द्या, आणि शेल्बीने पाठवलंय म्हणून सांगा.